नेढ्यातला वीणा

काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, दही-लाह्यांचा प्रसाद घरोघर गेला, तरी सूर्यभाननं वीणा खाली ठेवला नाही.

रतनवाडीची माणसं हार, नारळ, उदबत्ती घेऊन अमृतेश्वराच्या दगडी देवळासमोर थांबली होती. सप्ता बसला की वीणा उभा राहतो आणि सात दिवस तो जमिनीला टेकत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या हातात जातो. हात बदलतात, मुखातलं नाम बदलत नाही. काला झाला की त्याची पूजा करायची, हार घालायचा आणि सगळे डोळे भरून बघत असताना तो खाली ठेवायचा. म्हणजे सप्ता पार पडला.

"ठेवा बुवा," छगन म्हणाला. छगन रतनवाडीचाच, सप्त्याची सगळी धावपळ त्याच्या अंगावर होती. "लोक जेवायचे खोळंबल्यात."

"लोकांना वाढा. वीणा आज न्हाई ठेवायचा. उद्या."

टाळकऱ्यांत बसलेल्या कानिफनाथानं कपाळावर हात मारला. भिंगारच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. देह चांगला भरलेला, आवाज त्याहून भरलेला. सूर्यभानच्या मनात काय आहे ते त्याला एकट्याला माहीत होतं, आणि ते सूर्यभान विसरून जाईल अशी आशा तो आठवडाभर धरून होता.

मनात होता भीमाबुवा. भिंगारच्या भजनी मंडळाचा जुना विणेकरी तो. सूर्यभानला वीणा धरायला त्यानंच शिकवलं. सूर्यभान तेव्हा लष्कराच्या डेपोत तंबू शिवायचा. दिवसभर मांडी घालून जाड कापडात सुई घालायची आणि संध्याकाळी भीमाबुवाशेजारी उभं राहायचं, असा त्याचा क्रम. भीमाबुवा मूळचा याच खोऱ्यातला. भंडारदऱ्याचं धरण बांधलं तेव्हा त्यांची वाडी पाण्यात गेली. घरादाराचं सामान बैलावर लादून निघाले, तेव्हा आई मागं राहिली म्हणून तो बोलवायला गेला, तर ती तुळशीला पाणी घालत होती. बाप ओरडला, उद्या सगळं पाणीच पाणी होणार आन तू पाणी कशाला घालतीस. ती म्हणाली, उद्याचं उद्या, आज तिला तहान लागलीय.

ही गोष्ट भीमाबुवा पुन्हापुन्हा सांगायचा. नगरमध्ये हमाली केली, भिंगारला संसार थाटला, पण परत गावाकडं फिरकला नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र त्यानं सूर्यभानचा हात धरला. "रतनगडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक हाय. नेढं म्हनत्यात त्याला. तिथनं सगळं पानी एका नजरेत दिसतं. रतनवाडीला एक सप्ता करा, आन सप्त्याचा वीणा खाली न ठेवता तसाच तिथं न्या. आमच्या वाडीला कुनी नामच ऐकवलं न्हाई रे. नुसतं पानी आलं."

सूर्यभाननं शब्द दिला. पुढचं साल दुष्काळाचं. माणसं खडी फोडायला गेलेली, सप्ता कसला बसतो. यंदा पाऊस बरा झाला, धरण भरलं आणि भिंगारचं मंडळ होडीनं पाणी ओलांडून रतनवाडीला आलं. होडीत बसताना सूर्यभाननं वीणा छातीशी धरला होता आणि खाली बघितलंच नव्हतं. बरोबरची मंडळी पाणी बघत होती, डोंगर बघत होती, रंधा धबधब्याला कधी जायचं ते ठरवत होती. काल्यानंतर सूर्यभाननं गडाचा बेत सांगितला, तरी मंडळातली बाकीची माणसं रंध्याला गेलीच. एकटा कानिफनाथ थांबला, तो वीण्याला दुसरा हात हवा म्हणून.

"दुसरा हात म्हनून थांबलोय, दुसरे पाय म्हनून न्हाई," त्यानं आधीच बजावलं. "गडाचं मला काय सांगू नका."

ती रात्र दोघांनी आलटून पालटून वीणा सांभाळला आणि उजाडताच निघाले.

वाटेला छगन पुढं. त्याच्यामागं राहीबाई, छगनची मावशी. कारवीच्या काटक्यांसारखी वाळलेली, पाय अनवाणी, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला. सप्ता नीट पार पडला म्हणून गडावरच्या गुहेत रत्नाबाई देवीला नारळ द्यायचा तिचा नेम होता. तिच्यामागं सूर्यभान वीणा घेऊन, आणि सगळ्यात शेवटी कानिफनाथ, टाळ गळ्यात आणि श्वास त्याहून वर.

"बुवा," चालता चालता राहीबाई म्हणाली, "ते लेकरू खाली ठिवलं तर रडतंय का?"

"वीणा हाय तो, बाई. सप्त्याचा. तो खाली ठेवत न्हाईत."

"मंग पानी कसं पिता?"

"कानिफनाथाच्या हातात देतो."

"आन त्यांनला पानी लागलं की?"

"मी घेतो."

"बरं हाय," राहीबाई म्हणाली. "जावांजावांत असं असतं तर आमचं घर मोडलं नसतं."

मागून कानिफनाथ एवढा हसला की त्याला थांबावं लागलं.

ओढा दोनतीनदा आडवा आला. दर वेळी एकानं पलीकडं जायचं, दुसऱ्यानं वीणा पुढं करायचा, त्याची पकड बसली म्हणजे मगच आपले हात सोडायचे. झाडी दाट होती, खाली सावली गार. मग झाडी संपली आणि समोर कडा उभा राहिला, काळाकभिन्न, वर बघावं तर टोपी पडावी असा. सप्त्यात शाळेचे मास्तर सांगत होते की हा सगळा डोंगर एके काळी विस्तव होता. भुईच्या पोटातून वर आला, वाहत वाहत पसरला आणि थरावर थर निवत गेला. सूर्यभानला ते तेव्हापासून फार आवडलं होतं. एवढा विस्तव निवला आणि त्याच्या ओंजळीत पाणी साठलं. कुठल्या कीर्तनकाराला हा दृष्टांत सुचला असता तर मांडव डोलला असता, असं त्याला वाटलं. इतकी कीर्तनं ऐकली होती त्यानं, की रस्त्यात दगड दिसला तरी त्यातून निरूपण निघायचं.

कड्याच्या पायथ्याशी मात्र निरूपण बंद पडलं. तिथं शिडी होती. जाड वेळूंची, गावकऱ्यांनी दोरानं आवळून कड्याला लावलेली. खालच्या अंगाला दरी.

"हितनं वर?" कानिफनाथानं विचारलं.

"हितनंच," छगन म्हणाला. "वर गेलं की दरवाजा, मंग गुहा, मंग चढ आन नेढं."

कानिफनाथानं शिडीकडं पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडं. "मी वर चढलो तर शिडी खाली येईल. बसतो मी. माउली, तुमचं तुम्ही बघा."

सूर्यभाननं यासाठी भिंगारहून तयारी करून आणली होती. तंबूच्या कापडाचा पट्टा, दुहेरी शिवलेला. वीणा छातीला बांधायचा, म्हणजे हात मोकळे राहतात आणि वीणा अंगाला लागूनच राहतो. कानिफनाथानं भिंगारपासून वाद घातला होता की छातीला लागलेला म्हणजे हातातला नव्हे. पण आता त्यानंच पट्ट्याचं बक्कल आवळून दिलं.

सूर्यभान पहिल्या पायरीवर चढला, दुसऱ्या, तिसऱ्या. मग वेळू किंचित डुलला. वीण्याच्या भोपळ्यामुळं पायाखालचं दिसेना म्हणून त्यानं मान वाकवून बाजूला बघितलं, आणि बाजूला नुसती हवा होती. लांब खाली ओढ्याची एक पांढरी रेघ. जन्मभर जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस. घरातल्या माळ्यावरसुद्धा तो पोरांना चढवायचा. त्यानं दोन्ही हातांनी वेळू कवटाळला, पाय पुढं टाकवेना. नाम तोंडात होतं ते तोंडातच थांबलं.

"बुवा, वर बघा," छगन म्हणाला. "वर."

वर बघितलं तर कडाच अंगावर येतोय असं वाटलं. छगननं खालून त्याचे पाय एकेक करून धरले आणि पायरीवरून उतरवले. सूर्यभान दगडाला टेकून उभा राहिला. वीणा मिठीत घट्ट. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळून नाकावर आला होता.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी दुसऱ्या पायरीपर्यंतसुद्धा गेला नाही.

"झालं तेवढं पुष्कळ झालं," कानिफनाथ हलक्या आवाजात म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "हितनं बी पानी दिसतंय. ते बघा, झाडीच्या वर. हितंच नाम घेऊ. भीमाबुवा काय कडाकडा भांडनार हायेत व्हय?"

पाणी दिसत होतं खरं. निळसर एक तुकडा, हातरुमालाएवढा. सगळं पाणी नव्हे. एका नजरेत सगळं पाणी, असं भीमाबुवा म्हणाले होते.

"छगन, तू नेतोस?"

छगन दोन पावलं मागं सरला. "मला न्हाई जमायचं बुवा. मी दारू घेतो, ठावं हाय तुमाला. सप्त्यात घेतली न्हाई, पर माळ न्हाई गळ्यात. देवाच्या गोष्टीत मला पाप नका लावू. तुमचा हात धरून वर न्यायचा तर नेतो."

"माझे पायच चालत न्हाईत रे."

राहीबाई जरा लांब दगडावर बसून पायातला काटा काढत होती. तो निघाला तशी तिनं तो टिचकीनं उडवला आणि उठली.

"मला उशीर हुतोय," ती म्हणाली. "द्या हिकडं. मी जातीच हाय वर."

कानिफनाथानं तिच्याकडं बघितलं. "बाई, राग नका धरू. पर ह्याला नेम असतो. माळकऱ्याच्याच हाती द्यायचा असतो. आन बाईमानसाच्या हातात तर आमच्याकडं कुनी..."

"माळ न्हाई माझ्याकडं," राहीबाई म्हणाली. "आन मी काल्याच्या सांच्यालाच सुकट खाल्ली. खोटं कशाला सांगू. सात दिस दम धरला हुता."

"बघा," कानिफनाथ सूर्यभानला म्हणाला. "मंडळात काय सांगायचं?"

सूर्यभान वीण्याच्या भोपळ्यावरचा हात नुसता वरखाली फिरवत होता. वीणा असाच घेऊन खाली जावं, तर नेम मोडत नाही. देवळात हार घालून रीतसर ठेवता येईल, आणि भिंगारला कुणी एक शब्द विचारणार नाही. फक्त दिलेला शब्द जाईल. वीणा हिच्या हाती द्यावा, तर शब्द राहील, आणि अखंड राहिला की मोडला हे मात्र कुणाला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

त्याला भिंगारच्या देवळातला आपला पहिला पहारा आठवला. पहारा संपला तरी तो वीणा सोडेना. भक्तीनं अंग भरून आलं होतं, हातातून जाऊ नये असं वाटत होतं. पुढचा माणूस ताटकळत उभा. तेव्हा भीमाबुवानं कानाशी येऊन म्हटलं होतं, "धरनं अर्धंच शिकलास. देनं शिक." सगळे हसले होते. तोही हसला होता आणि वीणा दिला होता. पण बुवाच्या त्या बोलण्याला आत काही जागा असेल, असं त्याला आजवर वाटलं नव्हतं.

आणि मग खरं काय ते त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या मनातल्या चित्रात नेढं होतं, वारा होता, खाली सगळं पाणी होतं, आणि मधोमध वीणा घेतलेला सूर्यभान होता. बुवानं सांगितलं तेव्हा त्यात सूर्यभान कुठं होता? वीणा न्या, एवढंच तर म्हणाले होते ते.

त्यानं पट्ट्याचं बक्कल सोडलं.

"राहीबाई, म्होरं या."

ती आली. त्यानं वीणा तिच्यापुढं धरला. "दोन्ही हातांनी धरा. धरला? घट्ट धरा. अजून मी सोडला न्हाई." पहारा बदलताना करतात तसं त्यानं वीण्याला कपाळ लावलं आणि मग वाकून तिच्या पायांना हात लावला. भेगांनी भरलेले, मातीनं माखलेले पाय. राहीबाई एकदम गोंधळली. "अवो बुवा, काय करताय," म्हणत ती मागं सरायला लागली, पण वीणा दोघांच्या हातात, सरता येईना. मग तीही वाकली. दोघांची डोकी वीण्याच्या दांड्यावर आपटली.

"हं," सूर्यभान म्हणाला, आणि त्यानं हात सोडले.

राहीबाईनं वीणा पाठीवर घेतला, पट्टा नाकारला, पदर कमरेभोवतून फिरवून त्याची झोळी केली आणि गाठ दातानं आवळली. अशी पोरं नेली असणार तिनं पाठीवर, रानात, पाण्याला, बाजाराला. दांडा तिच्या खांद्यावरून वर डोकावत होता.

"ठिवायचा न्हाई," ती स्वतःलाच म्हणाली. "नाम म्हनायचं. कंचं नाम?"

"येईल ते."

ती शिडी चढली. घरातली उतरंड हाताळावी तशी सहज. छगन तिच्यामागं नारळ घेऊन. वरच्या वळणावर एकदा दांडा दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

सूर्यभान खाली बसला. आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्या आसपास कुठंच वीणा नव्हता. झोपेतसुद्धा त्याला त्याचा आवाज यायचा. आता हात मांडीवर पडले होते आणि बोटं आपोआप तार छेडल्यासारखी हलत होती. काय करावं त्या हातांचं, कळेना. मग त्यानं ते जुळवले आणि टाळी वाजवत हळू आवाजात नाम सुरू केलं. कड्यानं ते ऐकलं आणि परत दिलं. कानिफनाथानं गळ्यातले टाळ काढून हातात घेतले. जिथं सूर्यभानची टाळी कड्यावरून उशिरा परत येत होती, तिथं तो टाळाचा ठोका नेमका बसवत राहिला.

ऊन कड्यावरून खाली सरकलं. लांब एक होडी निळ्या तुकड्यात शिरली आणि बाहेर पडली. म्हणता म्हणता दोघांच्या अंगात ऊब आली, आणि मधेच कधीतरी सूर्यभान वरचं ऐकायला थांबायचा बंद झाला.

दगड घरंगळल्याचा आवाज आला तेव्हा ते गप्प झाले. आधी छगनचे पाय दिसले, मग राहीबाईचे. वीणा आता पाठीवर नव्हता, पोटाशी होता. उतरताना कड्याला आपटू नये म्हणून तिनं गाठ फिरवली होती. खाली उतरून तिनं तो सूर्यभानपुढं केला आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे, तो म्हणेपर्यंत हात सोडले नाहीत.

"ठिवला न्हाई," ती म्हणाली. "गुहेत नारळ छगननं फोडला. बसले तवा मांडीव घेतला. इचारा ह्याला."

"न्हाई ठिवला," छगन म्हणाला.

"नेढ्यात गेला का?" सूर्यभाननं विचारलं.

"गेला की. लई वारा. उभं ऱ्हाऊ देईना, म्हून भोकात बसले. आन बुवा, ते आपलंआपन वाजाया लागलं. मी बोट बी न्हाई लावलं. आधी मला वाटलं मागं कुनी हाय, म्हून वळून बघितलं. तर वारा. वाऱ्यानं तारा घुमत हुत्या."

कानिफनाथानं वाकून तारांकडं बघितलं.

"आन पानी?" सूर्यभाननं विचारलं.

"सगळं. पार धरनाकडच्या शेंडी गावापातुर. हिकडं कळसूबाई, तिकडं अलंग, कुलंग, आन मधी पानी. मला तुमचं नाम थोडंच म्हनलं गेलं. मंग सासूची एक ओवी आठवली, जात्यावरची. तिचं म्हायेर बी पान्यातलं. तीच म्हनली. चालतंय का?"

"म्हना बरं."

"आत्ता?" ती लाजली. मग डोंगराकडं तोंड करून, जात्यावर म्हणतात तशा सपाट, लांबलेल्या आवाजात तिनं म्हटलं:

"पान्याखाली गेलं घर, वर चालते ग होडी,
सांग माशा तुळशीला, लेक उभी पैलथडी."

सूर्यभाननं खाली मान घातली. उद्याचं उद्या, आज तिला तहान लागलीय. ती बाई त्याला समोर दिसत होती, हातात तांब्या घेतलेली. मग त्याची बोटं तारेवर गेली.

"पुन्हा म्हना," तो म्हणाला.

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी वीणा तिच्यामागं चालला आणि दुसऱ्या चरणाला कानिफनाथाचे टाळ आले, अगदी हळू, झोपलेल्या घरात कुणी भांडी लावून ठेवावीत तसे.

देवळात परत आल्यावर वीण्याला हार घातला. नारळ फुटला. आता खाली ठेवायचा तर सूर्यभान राहीबाईला शोधू लागला, कारण तोही हात तिचाच लागावा असं त्याच्या मनात होतं. ती केव्हाच घरी गेली होती. म्हैस पिळायची होती तिला. मग त्यानं एकट्यानंच तो ठेवला.

दुसऱ्या दिवशी होडीत मंडळी गर्दी करून बसली. रंध्याला गेलेले लोक धबधब्याच्या गोष्टी सांगत होते. तुषार कसे उडतात, आवाज कुठवर येतो. वीणा खोळीत घालून सूर्यभानच्या पायांशी होता.

"काय मग," त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "गडावर गेला का वीणा? अखंड राहिला ना?"

सूर्यभाननं कानिफनाथाकडं पाहिलं. ज्याला मंडळाची एवढी काळजी होती, त्यालाच काय ते सांगू दे.

कानिफनाथानं घसा साफ केला. "हात बदलले वाटेत," तो म्हणाला. "हात तर बदलायचेच असत्यात. बाकी अखंड." आणि जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना, "पुढल्या साली तिला एक माळ आनू म्हनतो मी."

"घालनार न्हाई ती," सूर्यभान म्हणाला. "सुकट सुटायची न्हाई तिला."

"आनू तरी."

होडी मध्यावर आली. रतनगड मागं उभा होता आणि त्याच्या माथ्यावर, कड्यातून आरपार, आभाळाचा एक बारीक ठिपका दिसत होता. सूर्यभाननं तो बघितला. मग येताना जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. काठावरून वाकून खाली बघितलं. पाणी हिरवट, खोल. काहीच दिसत नव्हतं. त्यानं मोकळा हात खाली सोडला आणि होडी तिथून पुढं जाईपर्यंत तो पाण्यात तसाच राहू दिला.